सोमवारच्या आत नानांना फोन कर

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून तुझ्या मेसेजला उत्तर नाही, राग आला असेल तर असू दे, आधी हे वाच. आईची शुगर बरी आहे, माझी पाठ आहे तशीच.

गावात एक व्हिडिओ फिरतोय. उत्तर ध्रुवावरचा भोवरा फुटला, तिथली सगळी थंडी आता खाली येणार, खान्देशात पारा शून्यावर जाणार, केळी उभ्या जळणार. आणि केळी घेणारे तोच व्हिडिओ दाखवून भाव पाडताहेत, आत्ता कापा नाहीतर घरी बसा. नानांनी नाल्याकडच्या बागेचा सौदा जवळजवळ करून टाकलाय! मी सकाळी जाऊन आलो रे, केळ्यांच्या धारा अजून बोटाला लागतात, गोलाई आलेलीच नाही, आणि हे घड परवा गाडीत भरणार. वर्षभर पाणी, खत, मजुरी सगळं घालून.

व्हिडिओ पूर्ण खोटा असता तर मी झोपलो असतो. ध्रुवावर, खूप उंचावर हवा तापलीय हे खरंच आहे, म्हणून तर जीव अडकलाय. आणि हे तुझ्याशिवाय कोणाशी बोलू? हॉस्टेलच्या गच्चीवर तू रात्रभर भांडला होतास, की वरची हवा तापते म्हणजे सूर्यानेच तापवली असणार, आणि मी ओरडत होतो की गाढवा, तिथे तेव्हा ध्रुवीय रात्र असते, सूर्य काय तुझ्या मामाने नेऊन ठेवला? शेवटी रेक्टर आले. ती हवा लाटांमुळे कशी तापते हे सांगणारं मात्सुनोंचं 1971 चं काम सरांनी फळ्यावर मांडलं त्या दिवशी तू मागच्या बाकावर घोरत होतास, हे मी पिंकीच्या लग्नात सगळ्यांना सांगणार आहे.

तर काल ओट्यावर सगळे बसलेले, आणि म्हाताऱ्या राघोबाबांनी नेमका प्रश्न टाकला, "भो, तठी तपलं त अठी थंडी कशी पडीन?" सुध्या, अख्ख्या गावात हा प्रश्न फक्त त्यांना पडला! मी पोराचा सायकलचा पंप आणला, तोंडावर अंगठा दाबला, दहा-बारा वेळा जोरात दाबला आणि खालची नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चटकन हात काढला, मग परत लावून बघितला. म्हटलं बाबा, ना विस्तव ना ऊन, नुसती दाबून हवा तापली, तिथेही हेच होतं. हिवाळ्यात ध्रुवाभोवती वर 30 किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा गोल फिरत असतो, आत कडाक्याची थंड हवा कोंडलेली. खालून मोठमोठे डोंगर आणि जमीन-समुद्राच्या फरकामुळे हजारो किलोमीटर लांबीच्या हवेच्या लाटा उठतात, त्या वर चढून त्या वाऱ्याला ब्रेक लावतात, कधी वारा चक्क उलटा फिरतो, आणि ध्रुवावरची हवा खाली बसते, दाबते, तापते. चार-आठ दिवसांत 50 अंशसुद्धा चढतात, पण आधीच उणे 70-80 असतं त्यामुळे चढूनही शून्याच्या खालीच. 1952 मध्ये बर्लिनला शेरहाग नावाच्या माणसाला हवामानाच्या फुग्यांच्या नोंदींत हे पहिल्यांदा दिसलं. उत्तरेकडे दहा वर्षांत साधारण सहा वेळा होतं, म्हणजे नानांच्या बागेने असे कितीतरी भोवरे पचवलेत.

फुटलेल्या भोवऱ्याचा परिणाम कधी कधी आठवड्या-दोन आठवड्यांनी जमिनीपर्यंत उतरतो. फेब्रुवारी 2018 ला उतरला, युरोप गारठला. पण दर वेळी उतरतोच असं नाही आणि उतरला तरी पहिला मार युरोप, सायबेरिया, अमेरिकेच्या पूर्वेला. आपल्याकडे चरका पडतो तो वेगळ्या कारणाने. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं पावसा-बर्फाचं वादळी हवामान, काश्मीर-पंजाबवरून पुढे सरकतं, मागून उत्तरेचे कोरडे वारे येतात, आभाळ निरभ्र, आणि पहाटे सखल वावरात पारा घसरतो, पोंगा म्हणजे नवं गुंडाळलेलं पान अडकतं, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं अडकतं. हे भोवरा शाबूत असलेल्या वर्षीही होतं. त्याला रात्रीचं पाणी, बांधावर धूर, घडांवर चढवायची स्कर्टिंग बॅग, हे नानांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

सगळे ऐकत होते. मग एकाने विचारलं, मास्तर, मग थंडी येणार नाही असं लिहून देता का? आता काय सांगू तुला. जानेवारी आहे, थंडी येऊ शकते, लिहून कसं देणार? मी म्हटलं त्या भोवऱ्यामुळे येईल असं मानायला आधार नाही, आणि माझ्या डोळ्यांसमोर लोकांचे चेहरे बंद झाले. तो व्हिडिओवाला छातीठोक सांगतो आणि मी "शक्यता" म्हणतो, तिथेच हरतो. पण खोटं छातीठोक बोलायचं का? रात्रभर हेच डोक्यात. सर असते तर त्यांनी काय केलं असतं?

पिंकीचं ठरलं ते वहिनींकडून कळलं, फार बरं वाटलं, मुलगा नाशिकचाच ना? फ्लॅटचे फोटो पाहिले, गॅलरी मस्त आहे.

आता काम. नाना माझं ऐकत नाहीत, धाकटा भाऊ म्हणजे कायम चौथीतला पोरगा. ठिबकचं मी किती वर्षं बोंबलत होतो, तू एकदा जेवताना म्हणालास आणि पुढच्या हंगामात नळ्या आल्या. सोमवारी सकाळी गाडी लागणार आहे. रविवारी रात्री आठनंतर फोन कर, जेवण झालेलं असतं. मी सांगितलं असं म्हणू नको. भोवऱ्याचं तर नावच काढू नको, आधी घड किती भरलेत ते विचार, स्वतःच्या तोंडाने "अजून कच्चे आहेत" म्हणू दे त्यांना, मग म्हण की वाघूरकडच्या बागेत स्कर्टिंग बॅगा शिल्लक आहेत, मी पाठवतो. बॅगांचे पैसे मी देतो.

तुझा,
अरुण