प्लाझमिड मिळत नाही? आधी दुसरी बाटली बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की नाशिकच्या बायोटेक प्रयोगशाळांतून एक तक्रार हमखास ऐकू येते: किट खराब निघाले, प्लाझमिड (जीवाणूंतला गुणसूत्राबाहेरचा छोटा, गोल डीएनए) मिळतच नाही. बहुतेक वेळा किटमधला कॉलम (डीएनए धरून ठेवणारी छोटी नळी) निर्दोष असतो. दोष किटमधल्या दुसऱ्या बाटलीत असतो. तिच्यात ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ टक्का एसडीएस (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ) असते. पारा दहाच्या आसपास उतरला की एसडीएस पांढरे होऊन तळाशी बसते, पिपेटमध्ये नुसता वरचा द्रव येतो आणि पेशी नीट फुटत नाहीत. बाटली ३७ अंशांच्या पाण्यात ठेवावी आणि द्रव नितळ झाल्यावरच वापरावा.

पेशी फोडणे पाच मिनिटांत उरकावे. नळी चार-सहा वेळा हलकेच उलटी करायची. व्हॉर्टेक्सवर (नळी जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) धरली की गुणसूत्राचे तुकडे होतात आणि प्लाझमिडसोबत येतात. अल्कलीत रेंगाळलेले प्लाझमिड कायमचे बिघडते; मग रिस्ट्रिक्शन एन्झाइमने (डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या प्रथिनाने) ते कापले जात नाही.

कॉलममधले सिलिका मेम्ब्रेन डीएनए गाळत नाही, धरून ठेवते. तोंडी परीक्षेत इथेच गाडी अडते. गुआनिडीन क्षाराच्या तीव्र द्रावणात डीएनए सिलिकाला चिकटतो, इथेनॉलने धुतले तरी सुटत नाही, आणि ८.५ पीएचच्या पातळ ट्रिस बफरमध्ये उतरतो. धुतल्यावर रिकामा कॉलम आणखी एक मिनिट फिरवायचा कंटाळा केला, तर मागे राहिलेल्या इथेनॉलमुळे नमुना जेलच्या (डीएनए तपासायच्या थराच्या) खाचेत बसत नाही, वर तरंगून जातो.

खरी गाळणी वेगळी, टीएफएफची (टँजेन्शियल फ्लो फिल्ट्रेशन, म्हणजे द्रव मेम्ब्रेनला समांतर वाहवत गाळणे). वाइन गाळायचा क्रॉसफ्लो फिल्टर त्याच जातीचा, तेव्हा इतक्या वाइनरी जवळ असताना मुलांना तो दाखवायला काय हरकत आहे? भारतात २०२१ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळालेली झायकोव्ह-डी ही कोविडची लस प्लाझमिडचीच होती, आणि एवढ्या प्रमाणावर छोटे कॉलम पुरत नाहीत. ५,००० बेस-जोड्यांचे प्लाझमिड सुमारे ३३ लाख डाल्टनचे (रेणूचे वजन मोजायचे एकक) असते. १०० ते ३०० किलोडाल्टनचे मेम्ब्रेन त्याला अडवते. प्रथिने आणि लहान आरएनए पलीकडे जातात. मोठा आरएनए मात्र राहतो, म्हणून तो आधीच कॅल्शियम क्लोराइडने खाली बसवतात. दाब वाढवून काम लवकर उरकायला गेले की प्लाझमिड ताणले जाऊन छिद्रांतून निसटते. एसडीएसचा चोथा राहिला तर मेम्ब्रेन बुजते. एंडोटॉक्सिनचे (जीवाणूंच्या आवरणातल्या विषारी घटकाचे) मोठे पुंजके प्लाझमिडबरोबरच अडकतात, ते काढायला पुढे ॲनायन एक्स्चेंज (विद्युतभारावरून रेणू वेगळे करायची पद्धत) लागते. अभ्यास मंडळाने यातले एक तरी प्रात्यक्षिक ठेवावे.

आणि एक तातडीचे. जीवाणू मारायला ब्लीच वापरायची सवय असते, पण कॉलममधून उतरलेले गुआनिडीनयुक्त द्रव त्यात कधीही ओतू नयेत. विषारी वायू निघतो. दोन वेगळ्या बाटल्या, ठळक लेबले लावून, प्रात्यक्षिकाआधीच टेबलावर ठेवाव्यात.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्राचे काही शिक्षक, नाशिक