बाई, हे पत्र मुद्दाम मराठीत

बाई,

गावात सगळे तुम्हाला 'मिसेस' लावून हाक मारतात. मी मनात पहिल्यापासून 'बाई'च म्हणत आलेय. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. शनिवारी लेक येऊन वाचेल आणि अर्थ सांगेल. तिनं काही गाळलं तर कान धरा. इतर मराठी आईबापांच्याही नजरेस पडावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

२०१४ मध्ये आम्ही नेब्रास्कात आलो. नवरा डॉक्टर, त्याचा जे-वन म्हणजे प्रशिक्षणासाठीचा व्हिसा, पुढे अमेरिकेत राहायचं तर डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात ३ वर्षं नोकरी करायची अट. गावाला चहूकडून मका. लेक ६ वर्षांची. आधीच्या शहरातल्या शाळेनं बजावलं होतं, घरात इंग्रजीच बोला, नाहीतर मागे पडेल. आम्ही ऐकलं. पोरगी घरातही गप्प झाली.

मग तुम्ही तिच्या वर्गशिक्षिका झालात. पहिल्याच भेटीत तुम्ही प्रगतीपुस्तक बाजूला सारून विचारलंत, "घरी गोष्ट कुठल्या भाषेत सांगता?" मी चोरासारखी म्हणाले, आता इंग्रजीत. मग तुम्ही मायर मास्तरांची हकिगत सांगितलीत. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांविषयीचा राग धुमसत होता. १९१९ मध्ये नेब्रास्कानं कायदाच केला, आठवी पास होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायची नाही. १९२० मध्ये हॅम्प्टन गावाजवळच्या शाळेत रॉबर्ट मायर यांनी १० वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं. दंड २५ डॉलर. त्यांनी भरला नाही, भांडत राहिले, आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. तुमच्या आजीनं मात्र तोवर धसक्यानं मुलांशी जर्मन बोलणं सोडलं होतं. "कायदा गेला, घरातली भाषा परत आली नाही," म्हणालात.

त्या रात्री आमच्या घरी पुन्हा चिऊकाऊ आले.

आणि तो केळ्याचा दिवस! तुम्ही डब्याकडे बोट दाखवून मराठी शब्द विचारलात आणि स्वतः म्हणालात, 'केलं'. पोरगी वर्गात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, "नो! केळं!" मग १४ पोरं जीभ उलटी वळवून ळ-ळ करत बसली. त्यातली सगळ्यांत ढ विद्यार्थिनी तुम्ही, हे लेक अजून सांगते.

१९७४ मध्ये कर्नीच्या कॉलेजातून निघून तुम्ही सँडहिल्समधल्या, म्हणजे नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांच्या भागातल्या, एकखोली शाळेवर रुजू झालात. पहिली ते आठवी मिळून ९ मुलं. शिकवायचं तुम्हीच, दारातला बर्फ उपसायचा तोही तुम्हीच. माझी आई झेडपीच्या दोनशिक्षकी शाळेत होती, त्यामुळे मला नवल वाटलं नाही, फक्त बर्फाचं वाटलं. २००५ च्या कायद्यानं असे छोटे शाळा-जिल्हे (शाळा चालवणारे स्थानिक विभाग) मोठ्यांत विलीन केले आणि २००६ च्या उन्हाळ्यात तुमची शाळा गेली. त्याच नोव्हेंबरात मतदारांनी कायदा रद्द केला. वरातीमागून घोडं! बंद झालेली शाळा काही उघडली नाही. तिथली पितळी घंटा तेवढी तुम्ही टेबलावर आणून ठेवलीत. ती वाजवायची पाळी आली की आमची पोरगी सकाळी हाका न मारता उठायची.

४५ वर्षांनी आता निवृत्त होताय. माझी लेक आजीशी फोनवर मराठीत भांडते. बाई, त्या भांडणाबद्दल तुमचे आभार.

शनिवारी डबा पाठवतेय. त्यात पुरणपोळी आहे. 'पोली' म्हणालात तर लेकीला डबा परत आणायला सांगितलंय.

तुमची,
चौदांतल्या एकीची आई