फ्लाइट बंद करायची तर आधी सांगा
छोट्या शहरांतून स्वस्त विमान कंपन्या गाशा गुंडाळतायत ही तुमच्याकडची बातमी वाचली, त्यात कंपन्यांच्या तोट्याचं गणित आहे पण प्रवाशांचं काय होतं ते कुठेच नाही म्हणून लिहितोय. छोटी शहरं स्वस्त विमानाने जोडायच्या उडान योजनेत सरकार कंपन्यांचा तोटा भरून देतं ते 3 वर्षं, ते संपलं की बऱ्याच मार्गांवर विमान बंद. आमच्या ग्वाल्हेरला मार्च 2024 मध्ये नवीन टर्मिनल झालं, खरंच छान आहे, पण फ्लाइट टिकायला नको का? आमचं तिकीट एका मेसेजवर कॅन्सल झालं, पैसे आले परत, पण आईला गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना गोवा एक्सप्रेसने पुण्याला न्यावं लागलं, रात्रभर बिचारी साइड लोअरवर पाय चोळत बसलेली. सेवा थांबवायची तर 3 महिने आधी सांगायची सक्ती मंत्रालयाने करावी आणि बुकिंग असलेल्यांना दुसऱ्या विमानात सीट मिळावी.
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर