विषय : मालवण-तारकर्ली सहलीत मालवणी जेवण न दिल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

१२ ते १६ मे या काळात आम्ही घरची चार माणसं तुमच्या कंपनीच्या मालवण-तारकर्ली सहलीला होतो. बस, खोल्या, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, सगळं वेळेवर. तक्रार जेवणाची आहे.

तुमच्या पत्रकात ‘रोज अस्सल मालवणी जेवण’ असं ठळक छापलंय आणि त्यापोटी माणशी १,५०० रुपये जादा घेतलेत. ताटात आलं ते पनीर बटर मसाला, जिरा राइस, दाल फ्राय आणि एकदा चक्क छोले. हे आम्हाला नाशकात कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिळतं. सोलकढी म्हणजे गुलाबी पाणी, तेही गोड! नारळाचं दूध नाही, लसूण-मिरची नाही, कोकमाच्या आगळाचा पत्ता नाही. देवगड त्याच जिल्ह्यात असताना आमरस मात्र डब्यातला.

मासे का नाहीत विचारलं, तर तुमचे टूर मॅनेजर म्हणाले, “सध्या मासेमारी बंद आहे.” साहेब, पावसाळी बंदी १ जूनला लागते. त्याच संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर बांगड्याच्या टोपल्यांचा लिलाव आम्ही उभं राहून पाहिला. बरं, मासे राहू द्या. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं करायला कुठली बंदी होती?

माझ्या सासूबाईंचं माहेर आचऱ्याचं. बसमध्ये बसल्यापासून त्यांचं एकच, “शिरवळे-रस मिळेल ना गं?” म्हणजे तांदळाच्या शेवया आणि नारळाच्या दुधाचा गोड रस. चौथ्या रात्री रिक्षा करून आम्ही एका घरगुती खानावळीत गेलो. बांगड्याच्या तिखल्यातली तिरफळं त्यांनी बोलता बोलता वेचून ताटाच्या कडेला ठेवली. ती नुसती स्वादाला घालतात, चावायची नसतात; आम्ही बाकीचे मात्र एकेक चावून बसलो. शिरवळ्यांना मात्र आदल्या दिवशी सांगावं लागतं, असं खानावळवाल्या काकू म्हणाल्या. सकाळी आमची बस होती. पहिल्याच दिवशी तुमच्या माणसाने खरं सांगितलं असतं, तर आम्ही आमची सोय केली असती.

तेव्हा जेवणापोटी घेतलेले जादा ६,००० रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. खानावळीचे १,२४० रुपये मी मागत नाही. रक्कम न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

सोबत पैसे भरल्याची पावती, पत्रकाची प्रत आणि ताटांचे फोटो जोडले आहेत.

आपली,
एक ग्राहक, नाशिक