सुमनला पत्र : पायरीनं राहा

नगर,
रविवार, रात्री

प्रिय सुमे,

सलाम. नाताळापासून तुला एक ओळ लिहिली नाही, आधी त्याची माफी. गुडघा आहे तसाच आहे, साखर ताब्यात आहे. नातवाच्या बाप्तिस्म्याचे फोटो पाहिले. पाणी पडताच केलेलं तोंड थेट तुझं! बाकी पुढच्या पत्रात. आज जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

उपासनेनंतर कमिटी बसली होती. मंदिर झाडणाऱ्या बाईंच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. फीला मदत मिळावी म्हणून बाईंनी आपल्या चर्चच्या मंडळीकडे अर्ज केला होता. एक ज्येष्ठ सभासद शास्त्र उघडून म्हणाले, प्रेषित पौल काय सांगतो? ज्याला ज्या स्थितीत पाचारण झालं त्यानं तिच्यातच राहावं. आईचं काम आहेच, मुलीनं ते धरावं. बाई दाराशी उभ्या होत्या. सगळे गप्प. आणि सुमे, मीही गप्प.

तुला आठवलंच असेल. बोर्डिंगच्या ऑफिसात तुला हेच वचन ऐकवलं होतं आणि मी तुझ्या शेजारी उभी राहून फरशीकडे बघत होते. वर्षभर बोलली नाहीस माझ्याशी. तू फार ताणतेस, असं मी सगळ्यांना सांगत फिरले. तू ताणत नव्हतीस.

जेवण गेलं नाही. संध्याकाळपासून पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय घेऊन बसलेय. पौल तिथं सुंतेबद्दल बोलतो, मग दासाबद्दल. ख्रिस्ताचं होण्याआधी दुसरं काही व्हावं लागत नाही, हाक आहेस तिथं येते, एवढंच त्याला सांगायचंय असं मला वाटतं. हाक आली ती जागा म्हणजेच हाक, असं तो कुठं म्हणतो? उलट दासाला म्हणतो, मोकळं होता येत असेल तर... आणि पुढं मूळ ग्रीकात दोनच शब्द आहेत : ‘त्याचाच उपयोग कर’. कशाचा, ते लिहिलेलंच नाही! चौथ्या शतकाच्या शेवटी योहान ख्रिसोस्तोमसारख्या मोठ्या उपदेशकानं अर्थ लावला, दास्याचाच. मला ते पटत नाही. दोनच वचनांनंतर पौल बजावतो की तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात, माणसांचे दास होऊ नका.

आणि तो हे कुणाला लिहितोय बघ. करिंथ शहर ज्युलियस सीझरनं इ. स. पू. 44 मध्ये पुन्हा वसवलं, तेव्हा तिथं आणलेल्यांत सुटका झालेले दास पुष्कळ होते. शंभरेक वर्षांतच तिथं मानपान सुरू. प्रभुभोजनाला एक जण उपाशी, दुसरा पिऊन तर्र! पौल म्हणूनच आठवण देतो की तुमच्यात कुलीन फारसे नव्हते.

आपल्यात तरी कोण होते? गावात ‘पायरीनं राहा’ ऐकून कान किटले म्हणून प्रभूकडे आलो, असं माझे आजोबा सांगायचे. तेच वाक्य आज पुलपिटाच्या सावलीत ऐकलं. शास्त्राची भाषा होती, एवढाच फरक.

फीचा अर्ज काही आजचा नाही गं. अंत्युखियाचा बिशप इग्नाटियस शहीद व्हायला रोमकडे नेला जात असताना स्मुर्ण्याच्या बिशप पॉलिकार्पला लिहितो की दासांनी मंडळीच्या पैशातून सुटका मागू नये. मला ते वाक्य खुपतं. पण मागत होते, म्हणूनच लिहावं लागलं ना? आणि त्याच्याही आधी, रोमच्या मंडळीनं करिंथकरांनाच लिहिलेल्या पत्रात आहे, आपल्यातल्या कितीतरी जणांनी दुसऱ्यांना सोडवण्यासाठी स्वतः बंधनं पत्करली. बंधनं, सुमे! आणि आम्ही एका वर्षाच्या फीला शास्त्र काढतो.

पौलानं फिलेमोनाला त्याच्या पळालेल्या दासाबद्दल, अनेसिमाबद्दल, लिहिलेलं पत्रही वाचलं आणि एकटीच हसले. पळून जाऊन परत येणाऱ्या बोर्डिंगच्या मांजराला तू ‘अनेसिम’ म्हणायचीस, आणि मेट्रनबाई त्याला खऱ्या अनेसिमासारखं प्रिय बंधू मानून दूध घालायच्या! पण त्याच पत्रात पौल स्वतःच्या हातानं लिहितो की हा तुझं काही देणं लागत असेल तर माझ्या नावावर मांड. तिथं थांबले मी.

उद्या बाईंकडे जाते. पहिला हप्ता माझ्या पेन्शनमधून. पण पैसे देऊन गप्प बसले तर ते पुन्हा तेच झालं. पुढच्या रविवारी कमिटीत उभी राहून तो अख्खा अध्याय वाचणार आहे. त्या दोन शब्दांसकट.

मुलीला तुझा नंबर देते. पहिल्या वर्षाच्या रात्रपाळ्या कशा काढल्यास ते तिला सांग. मला कधी सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही. अनोळखी नंबर म्हणून कापू नकोस, सुमे.

तुझी,
शांता