गोल दिसले म्हणजे उल्काविवर नव्हे

महोदय,

उपग्रहचित्रात वर्तुळाकार खळगा दिसला, की ‘प्राचीन उल्काविवर सापडले’ अशी बातमी येते. पण गोलाई हा पुरावा नाही. ज्वालामुखीचे मुख, मिठाचे घुमट, खचलेली चुनखडी यांचेही असेच वर्तुळ उमटते. उलटी चूकही झाली आहे. अ‍ॅरिझोनातील बॅरिंजर विवर गिल्बर्ट यांच्यासारख्या निष्णात भूवैज्ञानिकाने १८९० च्या दशकात वाफेच्या स्फोटाचे ठरवले होते! १९६० मध्ये तिथे कोएसाइट, म्हणजे प्रचंड दाबाखालीच घडणारे सिलिकाचे रूप, मिळाले तेव्हा ते उल्काविवरच असल्याचे ठरले आणि वाद मिटला. खरी साक्ष खडकच देतो: शंकूच्या आकाराच्या भेगा, क्वार्ट्‌झच्या कणांतील समांतर सूक्ष्म पट्ट्या. अशी साक्ष मिळेपर्यंत बातमीत ‘संभाव्य’ हा शब्द ठेवावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक