अर्ज भरण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलावं म्हटलं तर तुझ्याभोवती सदा माणसं. काल तर फोन दुसऱ्याच कुणी उचलला. म्हणून लिहिते आहे. धाकट्याबरोबर पाठवते, एकटा असशील तेव्हा वाच.

परवा तू ताटावरून उठून गेलास, तो विषय मी काढणार नाही. अर्जाबद्दलच लिहायचं आहे. पंचायत समितीला उभा राहतोयस याचा मला आनंद आहे. तात्यांना त्याहून जास्त आहे, पण ते तुला कधी बोलून दाखवायचे नाहीत. सकाळी पेपर घेऊन कट्ट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तुझं नाव सांगतात. छकुलीसुद्धा बाहुलीला ओळीत बसवून भाषण करते.

तू भाषणात आर. आर. पाटलांचं, आपल्या आबांचं, नाव घेतोस. घ्यायलाच पाहिजे. पण नाव घेताना त्या माणसानं किती वाट तुडवली तेही ध्यानात ठेव. अंजनीसारख्या लहान गावातलं गरिबाघरचं पोर. सांगलीला शांतिनिकेतनमध्ये कमवा आणि शिका करत शिकले, वकिलीची पदवी घेतली. १९७९ ला सावळजमधून जिल्हा परिषदेवर गेले तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती. तिथं अकरा वर्षं काढली आणि मग १९९० ला आमदार झाले. तुझ्या भोवतीची पोरं तुला आत्तापासूनच भावी आमदार म्हणतात, ते कानाआड कर. आधी बोअरचं पाणी, रस्ता, अंगणवाडीचं छप्पर. गळकं छप्पर मी किती वर्षं बघितलं ते तुला माहीत आहे.

बघ, भाषण सुरू झालं माझं. राग मानू नकोस.

आबा ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आलं, २००० साली. तू माझ्याच अंगणवाडीत होतास, तुला ते आठवायचं नाही. तपासणीची समिती येणार म्हणून पहाटे सगळं गाव रस्त्यावर. तुझी आज्जी जन्मात कधी उंबऱ्याबाहेर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी, ती हातात खराटा घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत झाडत गेली. तिच्या मागनं सगळ्या सुना. त्याच वर्षी आपल्याकडं संडास झाला. त्याआधी आम्हा बायकांना अंधार पडायची वाट बघावी लागायची, आणि रस्त्याला बसलेलं असताना गाडीचा उजेड आला की उठून उभं राहायचं. अक्कानं नववा महिना भरत आलेला असताना हे केलंय. ज्यानं हे बंद केलं तो मंत्री मला कधी परका वाटला नाही. राजकारण म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढं अजून त्या चार भिंतीच येतात. तू तसलं एखादं काम कर, मग निवडून आलास काय आणि पडलास काय.

पुढे ते गृहमंत्री झाले. वस्तीवरची पोरं वशिल्याशिवाय पोलिसात लागली, असं आपल्याकडं लोक अजून सांगतात. २००७ ला तंटामुक्ती आली, तेव्हा आपल्या बांधाचा वाद समितीपुढं बसून मिटला. काकींनी त्या दिवशी किती वर्षांनी आपल्या घरचा चहा घेतला.

बोलताना जपून बोलत जा. मुंबईवर हल्ला झाला तेव्हा पत्रकारांसमोर गेलेल्या एका वाक्यानं आबांचं उपमुख्यमंत्रिपद आणि गृहखातं दोन्ही गेलं. १ डिसेंबर २००८ ला राजीनामा. पण लोकांनी ते पोटात घातलं. वर्षाभरात परत निवडून दिलं, परत गृहमंत्री झाले, आणि पालकमंत्रिपद मागून घेतलं ते गडचिरोलीचं. तंबाखूनं मात्र त्यांना सोडलं नाही. ऑक्टोबर २०१४ ला सहाव्यांदा आमदार झाले आणि १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरनं गेले. सत्तावन्न हे काय वय झालं? अंजनीला तात्यांना गाडीवरून तूच नेलं होतंस. परत आल्यावर जेवला नाहीस, नुसता अंगणात बसून राहिलास. त्यानंतर त्यांच्या पत्नी सुमनताई आमदार झाल्या, २०२४ ला मुलगा रोहितही झाला. लोकांनी त्या घराला सोडलं नाही. पण त्या पोरांचा बाप कोवळ्या वयात गेला, तो काही मतांनी परत येत नाही.

काढणार नाही म्हटलं होतं आणि काढलाच विषय. काढते.

तुझा पांढरा शर्ट भिजवायच्या आधी मी खिसा बघितला. रबर लावलेली माव्याची पुडी होती. गुटखा सरकारनं २०१२ लाच बंद केला, मावा मात्र टपरीवर प्लास्टिकात चोळून राजरोस देतात. प्रचारात जागरण होतं, सगळीच पोरं खातात, हे तू सांगशील. परवा ठेच्याचा पहिला घास घेतलास आणि तांब्याभर पाणी प्यालास, मग दह्यात भाकरी चुरलीस. बांधावर बसून हिरवी मिरची तोंडी लावणारा तू. शिबिरात मी बायाबापड्यांना दाखवते की तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, तिखटानं आग होत असेल, गालाला आतून पांढरा चट्टा असेल तर लगेच दाखवा. गावाला सांगते आणि घरात गप्प बसू? मी एवढंच म्हणाले, तोंड उघड बघू. तू उठून गेलास, तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही.

असेल साधंच काहीतरी. असूच दे. या वेळी धरलं आणि मावा सुटला तर पुष्कळ आवरता येतं, असं डॉक्टरच शिबिरात सांगतात.

अर्जाचे कागद निळ्या फाइलीत आहेत. शौचालयाचा दाखला ग्रामसेवकांकडून आणून ठेवलाय, घरपट्टीची पावतीही त्यातच आहे. अर्ज सोमवारी भरायचा म्हणजे शनिवार मोकळा आहे. मिरजेला दातांच्या डॉक्टरांची अकराची वेळ घेतली आहे. तात्यांना यातलं काही बोलले नाही, ते बेदाण्याच्या सौद्याला जाणार आहेत. मी साडेनऊला तासगावच्या स्टँडवर उभी राहते. बरोबर कुणाला आणू नकोस.

तुझी,
आई